मोर नसलेला मिक्सर

टाळ जरा थांबवा. पेटीवाले, तुमचा सूर तेवढा धरून ठेवा, मला लागेल.

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न विचारतो. देणाऱ्याने दिलं, घेणाऱ्याने घेतलं. पण देणाऱ्याचं मन घेणाऱ्याने ओळखायचं कशावरून? वस्तूच्या वजनावरून? तिच्या चकाकीवरून? की तिच्यावर लिहिलेल्या नावावरून?

कोण म्हणालं, 'नावावरून'? खांबामागून आवाज आला. खांबामागचे लोक नेहमी लवकर उत्तर देतात. दिसत नाहीत ना!

नावाचं काय सांगू तुम्हाला! मला अक्षर कळायला लागलं तेव्हा माझी पोरं कामाला लागली होती. उशिरा शिकलेल्या माणसाला एक खोड असते: दिसेल ते वाचायचं. दुकानाची पाटी वाचायची, आगपेटी वाचायची, स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलं तरी फ्रीजवरचं नाव वाचायचं. आणि वाचता वाचता मला संशय यायला लागला. ही नावं सारखे कपडे का बदलतात?

आठवतंय का बघा. गल्लीत पहिला फ्रीज आला तेव्हा त्याला मूठ कशी होती? टांग्याच्या दांड्यासारखी! चकचकीत! आणि दारावर नाव, तिरकं, उठावाचं. बोट फिरवलं तर आंधळ्यालाही वाचता यावं. मग सोनेरी पट्टी आली. मग कुणाच्या डोक्यात काय शिरलं देव जाणे, सगळ्या फ्रीजच्या दारांवर फुलं उमलली! जांभळी फुलं, लाल फुलं. आत दोडका वाळलेला आणि बाहेर बाग! शेगडीच्या काचेवर द्राक्षांचे घड आले, मिक्सरवर वेली चढल्या. मायबहिणी हसताहेत म्हणजे त्यांच्याकडे अजून आहे तो वेलीवाला!

बरं, टिकल्या का वेली? नाही! एक दिवस फुलं गेली, पट्टी गेली, चकाकी गेली. आता सगळं काळं. मुकं, मळकट काळं. आणि नाव? खाली कोपऱ्यात, बारीक. नवी सून पहिल्या पंगतीत बोलते ना, तेवढ्या आवाजात! आत मोटार तीच, पातं तेच, चटणी तीच. मग हा अंगरखा कुणासाठी बदलता रे बाबा?

संशय घ्यावा की नाही? घ्यावा! जरूर घ्यावा! पण गंमत बघा, कंपनीचा घ्यायचा तो संशय आपण माणसाचा घेतो. कंपनी लांब असते. माणूस दारात असतो.

असंच एका घरात झालं. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर उद्या सकाळच्या एसटीने बघायला जाल.

घर कासारांचं. खुटाळे आडनाव. पेठेत भांड्यांचं दुकान, दुकानामागे घर. मनोहरशेठ गल्ल्यावर आणि घरात त्यांची बायको इंदुमतीबाई. आता कासाराचं घर म्हटलं की तिथली माणसं वस्तू कशी पारखणार? आधी हातात तोलणार. मग नखाने टिचकी मारणार. टण्ण वाजलं तर खरं, थप्प वाजलं तर खोटं! आणि शेवटी बघणार नाव. कारण त्यांच्या दुकानात भांडं विकलं की गिऱ्हाईक म्हणतं, "नाव घाला." मग ते मशीन टर्रर्र करत चालतं आणि तांब्यावर उमटतं: 'चि. सौ. कां. अमकीस तमक्या मामाकडून सप्रेम भेट.' सगळं गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत! म्हणून इंदुमतीबाईंचा एक सिद्धांत होता: "धातूवर घातलेलं नाव खोटं बोलत नाही."

बाईंच्या ओट्यावर एक मिक्सर होता. त्यांच्या लग्नात रुखवतात आलेला, त्यांच्या भावाने दिलेला. मयूरध्वज कंपनीचा! कसा होता म्हणता? अहो, देव्हाऱ्यात ठेवावा असा! लोखंडी अंग, सायीच्या रंगाचं. पोटाभोवती चकचकीत पट्टी. पुढे पिसारा फुलवलेला मोर आणि मोराच्याच पत्र्यावर, त्याच्या पायाशी, उठावाच्या अक्षरांत 'मयूरध्वज'. बाई दर दिवाळीला तो मोर चिंचेने घासायच्या. शेजारीण आली की म्हणायच्या, "माझ्या दादाने दिलाय. आमच्याकडे हलकं काही येत नाही."

तर त्यांचा मुलगा अभय, त्याचं लग्न झालं, सून आली केतकी. गुणाची मुलगी. आई लहानपणीच गेलेली, वडिलांनी दुसरा संसार मांडलेला. तिला वाढवलं कुणी? मामाने. भानुदासमामा. तिकडे खेड्यात सायकल दुरुस्तीचं दुकान. केतकीचं माहेर म्हणजे तो एक माणूस. तो गेला तर माहेर गेलं. एवढं ध्यानात ठेवा.

धोंड्याचा महिना आला. मामाने लेक-जावयाला जेवायला बोलावलं, पुरणाचे धोंडे घातले, अनारशांचं वाण दिलं आणि बरोबर दिला एक खोका. खोक्यात काय? मिक्सर! मयूरध्वजचा, नवा कोरा.

खोका घरी आला. उघडला. इंदुमतीबाईंनी बघितलं आणि कपाळाला आठी पडली. काळा! मळकट काळा! पट्टी नाही. चकाकी नाही. मोर नाही! खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत कंपनीचं नाव, तेही छापलेलं. बाईंनी बोट फिरवलं. बोटाला काही लागेना. हातात तोलला. हलका! टिचकी मारली...

काय वाजलं?

थप्प!

झालं! वरच्या कोर्टात निकाल लागला!

"अहो, इकडे या," बाई नवऱ्याला म्हणाल्या. "हे बघा. व्याह्यांनी बनावट माल गळ्यात मारलाय."

मनोहरशेठ म्हणाले, "अगं, प्लॅस्टिक आहे ते. प्लॅस्टिक टण्ण कसं वाजेल?"

"तेच म्हणतेय मी! मयूरध्वज प्लॅस्टिकचा कधीपासून झाला? आपल्याकडे खरा आहे ना ओट्यावर? ठेवा शेजारी. हा काका आणि हा पुतण्या दिसतो का सांगा!"

अभयने खिशातून फोन काढला. "आई, हे बघ. कंपनीने रूप बदललंय. आता सगळे असेच काळे येतात. मोर काढून टाकला त्यांनी."

"फोनवर काय, परवा मारुती उडताना दाखवला तूच!"

बाई तिथे थांबल्या नाहीत. कोपऱ्यावरच्या विजेच्या सामानाच्या दुकानात गेल्या. दुकानदार म्हणाला, "काकी, मोर बंद झाला. हे बघा, फळीवर सगळे बिनमोराचेच." बाईंनी फळीकडे बघितलं. काळ्या मिक्सरची रांग. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, खरंच की! बाई काय म्हणाल्या? "म्हणजे तुम्हीही त्यातलेच!"

हसू नका. संशयाचं पोट असंच असतं. पुरावा द्या, खातो आणि आणखी मागतो. खरं सांगणारा भेटला की म्हणतो, हा त्याला सामील आहे.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण केतकीला दिवस गेले. सातवा लागला. डोहाळजेवणाचा दिवस ठरला. आता डोहाळजेवणाला माहेरचं माणूस नको? पाहिजे! आणि माहेरचं माणूस एकच. बाईंनी फोन उचलला. शेजारच्या दोघी वाती वळायला बसल्या होत्या, त्यांच्यासमोरच उचलला!

"भानुमामा, मी खुटाळ्यांकडची बोलतेय."

"बोला विहीणबाई! पोर बरी आहे ना?"

"पोर बरी आहे. मिक्सरवरचा मोर कुठाय?"

"मोर?"

"मयूरध्वजला मोर असतो. तुमच्याला नाही. पट्टी नाही, वजन नाही, नाद नाही. आमचं घर भांड्यांचं आहे मामा, आम्हाला कळतं. खरा असेल तर मोर दाखवा. नाहीतर डोहाळजेवणाला यायचे कष्ट घेऊ नका."

पलीकडून आवाज आला, "बरं विहीणबाई. बघतो काहीतरी."

भांडला नाही हो माणूस! उलटून बोलला नाही! आणि जो भांडत नाही त्याचा तर आपल्याला दुप्पट संशय! बाई शेजारणींना म्हणाल्या, "बघितलंत? खरं असतं तर तोंड वर करून बोलला असता."

केतकी दारात उभी होती. सगळं ऐकलं होतं तिने. आजवर सासूपुढे ती आवाज चढवून बोलली नव्हती. त्या दिवशीही चढवला नाही. एवढंच म्हणाली, "आई, मामा येणार नसेल तर मी पाटावर बसणार नाही."

"डोहाळे पुरवते मी तुझे, पण हा हट्ट नाही."

"हट्ट नाही. माझी ओटी रिकामी राहू दे. त्याला बाहेर ठेवून मला नको भरायला."

आता बोला! पोटुशी पोर पाटावर बसणार नाही म्हणते, गावभर आमंत्रणं गेलेली आणि अडलंय कशावर? मोरावर! पत्र्याच्या मोरावर! पेटीवाले, द्या जरा सूर —

*वरी नाचे मोर, आत कोण राबे?*
*पुसे ना कुणीही, नावालाच भुले...*

बसलं नाही यमक? नसू दे. माझंच आहे, कुणाकडून उसनं नाही.

बरं. बाईंना रात्रभर झोप नाही म्हणतात तसं काही झालं नाही, त्या चांगल्या झोपल्या. संशयी माणसाला झोप छान लागते, कारण त्याला वाटतं आपणच एक जागे आहोत. पण दुसऱ्या दिवशी दुपारी घर निवांत झालं आणि त्यांच्या मनात आलं: हे लोक असं ऐकायचे नाहीत. पुरावा पाहिजे. मामाने जिथून मिक्सर घेतला त्या जिल्ह्याच्या दुकानात जाऊ. आपला खरा मोर नेऊ, दुकानदाराच्या गल्ल्यावर आपटू आणि म्हणू, 'हा असा असतो मयूरध्वज!' आता अख्खा लोखंडी मिक्सर कोण उचलणार? मोरच काढून न्यावा!

दुकानातून बारीक छिन्नी आणली. मोराच्या दोन बाजूंना दोन बारीक रिबिटी होत्या. कासारणीचा हात तो! एक उडाली. दुसरी उडाली. छिन्नी मागे घातली, हलकेच उचकटलं. मोर निघून हातात आला.

आणि मोराच्या खाली, लोखंडातच ओतलेली, उठावाची, ठसठशीत अक्षरं दिसली.

कुठली अक्षरं?

'चंद्रकोर.'

मयूरध्वज नाही हो! चंद्रकोर! त्या काळी बाजारात एक साधा मिक्सर मिळायचा, गरिबाघरचा, त्याचं नाव.

बाईंनी पदराने पुसलं. अक्षरं आणखी ठसठशीत झाली. बोट फिरवलं, बोटाला लागली. ओतलेली होती ना! धातूवरचं नाव खोटं बोलत नाही म्हणत होत्या. नाही बोललं! खोटं बोलत होता मोर. ज्या मापाने मामाला मोजलं ते मापच खोटं होतं.

आता तुम्ही काय केलं असतं? खरं सांगा. मोर परत चिकटवला असता! मीही चिकटवला असता! कुणी बघितलं नव्हतं. बाईंनीही आधी तेच केलं. मोर जागेवर धरला, दाबला. पण रिबिट तुटलेली. हात काढला की मोर खाली. पुन्हा धरला, पुन्हा खाली.

शेवटी त्यांनी भावाला फोन लावला. वसंतदादा. म्हातारा झालाय आता, कानाला कमी येतं.

"दादा, तुला एक विचारायचंय. माझ्या रुखवतातला मिक्सर..."

"बिघडला का?"

"नाही. चालतोय."

"मग?"

"मोर निघाला."

म्हातारा म्हणाला, "एवढी वर्षं टिकला म्हणजे रिबिट चांगली मारली होती मी."

"दादा!"

"इंदे, तुझ्या सासूने बैठकीत काय सांगितलं होतं आठवतंय? 'मिक्सर मयूरध्वजचाच पाहिजे, मोर असलेला, चार माणसांत दिसला पाहिजे.' माझ्याच्याने होत नव्हतं. बोलणी मोडली असती. मग चंद्रकोर घेतला. मोर निराळा मिळायचा तेव्हा, जुन्या बाजारात. पट्टीपण मिळायची. रात्र घालवली बसवायला." पुढे म्हणाला, "तू पहिल्या दिवाळीला आलीस ते हसत आलीस. सगळ्यांना सांगत होतीस, दादाने मोराचा दिला. मग कसं सांगायचं गं?"

बाईंच्या हातात मोर तसाच. तोंडातून एवढंच निघालं, "चटणी बारीक वाटतो अजून."

"वाटणारच. मशीन चांगलं बघून घेतलं होतं. मोर तुझ्या सासूसाठी होता, मशीन तुझ्यासाठी."

फोन ठेवला.

मंडळी, इथे गोष्ट संपली असं तुम्हाला वाटत असेल, पण माणूस इतक्या लवकर वळत नाही. बाई रडल्या, डोळे पुसले आणि काय केलं? मिक्सरवर फडकं टाकलं! मोर डब्यात लपवला! आणि गप्प बसल्या. मामाला फोन केला का? नाही केला. आपली चूक कळणं आणि ती चारचौघांत कबूल करणं, यांच्यामध्ये मोठा ओढा आहे बाबा. पुष्कळ लोक अलीकडच्या काठावरच बिऱ्हाड करतात.

डोहाळजेवणाचा दिवस उजाडला. दारात रांगोळी, घरात बायकांची गर्दी, फुलांचे दागिने ओवणं चाललेलं. पाट मांडलेला. पाट रिकामा! केतकी आतल्या खोलीत, साधं लुगडं नेसून खिडकीशी बसलेली. अभय बिचारा आईकडे जातो, बायकोकडे जातो, दोन्हीकडून परत येतो.

इतक्यात कुणीतरी म्हणालं, "बाहेर कोण उभंय बघा."

इंदुमतीबाई बाहेर आल्या. पायरीच्या खाली भानुमामा. धुतलेला सदरा, नखांत सायकलचं काळं वंगण तसंच, आणि हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी.

"विहीणबाई, आत येत नाही. हे तेवढं घ्या."

बाईंनी कागद सोडला. आत काय असेल?

मोर!

पिसारा फुलवलेला, चकचकीत, मयूरध्वजचा मोर!

"जुन्या बाजारात शोधला," मामा म्हणाला. "एका मोडक्या मिक्सरवर होता, काढून आणला. घासून घेतलाय. स्क्रू आणलेत, बसवून देतो, मला येतं. पण आधी पोरीची ओटी भरा. तिला माझ्यापायी बोल नको."

बाईंच्या हातात मोर आला आणि सवयीने नख पुढे गेलं, टिचकी मारायला. तिथेच थांबलं. त्यांना आपला दादा दिसला हो! बहिणीच्या सुखासाठी रिबिटी मारत बसलेला. हाही तसाच! वस्तू खरी देऊनसुद्धा हा माणूस खोटा मोर शोधत बाजार हिंडला. कारण पोर ज्या घरात दिली त्या घराला मोर कळतो, माणूस कळत नाही!

बाई म्हणाल्या, "मामा, एक विचारू? एवढा हलका मिक्सर कशाला घेतलात?"

"मुद्दाम बघून घेतला. दुकानातले सगळे उचलून बघितले मी." मामाने स्वतःचं मनगट धरून दाखवलं. "हिचं उजवं मनगट लहानपणी मोडलंय. माझ्याच सायकलवरनं पडली होती. जड उचललं की कळ येते. सांगत नाही ती. तुमचा लोखंडी आहे, ती रोज उचलून पुसत असणार, म्हणून म्हटलं..."

ऐकलंत? ज्या हलकेपणावरून बाईंनी त्याला खोटा ठरवला, तो हलकेपणाच त्याने निवडून आणला होता! काय म्हणावं आता?

इंदुमतीबाई आत वळल्या. मामाला वाटलं, गेल्या. बायकांना वाटलं, आता कडाडणार. एक शेजारीण तर विचारतेच आहे, "काय इंदुताई, सापडला का मोर?" बाई सरळ ओट्याशी गेल्या, हातातला मोर बाजूला ठेवला, फडकं काढलं, तो लोखंडी मिक्सर दोन्ही हातांनी उचलला आणि बायकांच्या मधोमध पाटाशेजारी आणून ठेवला.

"माझाही मोर गेला," त्या म्हणाल्या. "खाली हे नाव निघालं. वाचा. चंद्रकोर. माझ्या दादाने दिलाय, आणि माझ्या सासरची तोंडं बंद व्हावीत म्हणून त्याने वर मोर मारला होता. मामांना मी तुमच्यासमोर बोलले, म्हणून तुमच्यासमोर सांगते. त्यांचा मिक्सर खरा आहे. बनावट माझी पारख होती."

फुलांचे दागिने करणारीचा दोरा हातातच राहिला.

मग बाई दाराशी आल्या. मामा अजून पायरीखाली उभा. त्या दोन पायऱ्या उतरल्या, त्याच्या हातातला स्क्रूचा पुडा काढून घेतला आणि म्हणाल्या, "हे काम राहू दे. आत चला. पोर तुमच्यासाठी अडून बसलीय."

केतकी पाटावर बसली. पहिली ओटी कुणी भरली? शास्त्र विचारू नका मला. सासूने मामाच्या हातात नारळ दिला आणि त्याच्या वंगणाच्या हातांनी पहिली ओटी भरली गेली. पोर हसली आणि मामा मान फिरवून भिंतीकडे बघत राहिला.

तर मंडळी, मी विचारलं होतं, देणाऱ्याचं मन कशावरून ओळखायचं? आता खांबामागून काही आवाज येत नाही!

मला तुमचाही संशय आहे, लपवत नाही. आज घरी जाल आणि निम्मे लोक आधी मिक्सर उलटा करून बघाल. पट्टीखाली नख घालाल. घाला! पण त्याआधी एक करा. तुम्हाला कुणीतरी काहीतरी दिलंय. तुम्ही ते तोललंत, टिचकी मारलीत आणि तोंड वाकडं करून माळ्यावर टाकलंत. साडी असेल, घड्याळ असेल, नुसता पापडांचा डबा असेल. त्या माणसाला विचारलंत का कधी, की बाबा, हेच का आणलंस? विचारा. एकदा विचारा. त्याने दुकानात किती वस्तू उचलून खाली ठेवल्या आणि कुणाचं मनगट आठवून ही उचलली, ते तुम्हाला कळेल.

आणि तो अजून तुमच्या पायरीखाली उभा असेल, तर आधी खाली उतरा. त्याला वर बोलावून भागायचं नाही.

धरा टाळ. देवाचं नाव घेऊ. त्याच्यावर कंपनीचा शिक्का नाही, तेवढं बरं आहे.